हिब्रूतला ‘कोल’ म्हणजे नेमका कोणाचा आवाज?

एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या साडेतीन वर्षांत इस्राएलमध्ये संसदेची निवडणूक पाच वेळा झाली. मतमोजणीच्या बातम्यांत तिथे एक शब्द सारखा कानावर पडतो, ‘कोलोत’. कोलोत म्हणजे मतं, आणि एक मत म्हणजे ‘कोल’. शब्दकोश उघडावा तर ‘कोल’चा पहिला अर्थ दिलेला असतो आवाज. मग वाणी, नाद, गडगडाट असं करत करत गाडी मतावर येते. बायबलमध्ये तर हाच शब्द गडगडाटालाही आहे, मेंढरांच्या ओरडण्यालाही आणि नवरीच्या बोलण्यालाही.

मराठी माणूस इथे बुचकळ्यात पडतो, कारण आपल्याकडे आवाजांची चंगळ आहे. ढग गडगडतात, पानं सळसळतात, बांगड्या किणकिणतात, पैंजण छुमछुमतात, आणि दार वाजलं की ते खडखडलं, करकरलं की आपटलं हेही आपण वेगळं सांगतो. हिब्रू मात्र यातल्या बऱ्याच ठिकाणी एकच ‘कोल’ लावते. भाषा गरीब म्हणून असं होत नाही. या शब्दाचं काम वेगळं आहे.

आधी उच्चार, आणि त्यातला सापळा

कोफ, वाव आणि लामेद या तीन अक्षरांनी ‘कोल’ लिहितात. पहिलं अक्षर, कोफ, जुन्या काळी घशातून यायचं, उर्दूतल्या ‘क़लम’मधल्या क़सारखं. इराकी ज्यूंनी तो उच्चार टिकवला. आजच्या इस्राएलमध्ये मात्र त्याचा साधा क झाला आहे.

त्यामुळे घोटाळा असा होतो, की हिब्रूत आणखी एक ‘कोल’ आहे. तो ‘काफ’ या दुसऱ्या अक्षराने सुरू होतो आणि त्याचा अर्थ ‘सगळे’. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या ‘कोल निद्रे’तला कोल हा दुसरा, ‘सगळे नवस’ असा त्याचा अर्थ. हे पठण इतकं सुरेल असतं, की ऐकणाऱ्याला त्यातला कोल आवाजाचाच वाटावा. कानाला दोन्ही सारखे, म्हणून लिहिलेलं पाहावं लागतं.

आवाजाचा ‘कोल’ पुल्लिंगी आहे, पण त्याचं अनेकवचन ‘कोलोत’ एरवी स्त्रीलिंगी शब्दांना लागणारा प्रत्यय घेतं. नियम शोधत बसू नये, पाठ करावं.

‘आवाज’ म्हणून मोकळं झालं तर काय बिघडलं?

बरंचसं काम भागेल. पण ‘कोल’ हा शब्द सहसा एकटा येत नाही. हिब्रूत दोन नामं शेजारी ठेवून ‘अमक्याचं तमकं’ म्हणायची पद्धत आहे; तिला स्मिखूत म्हणतात, षष्ठीचा प्रत्यय न लावता केलेली षष्ठी म्हणा ना. कोल बहुधा असाच येतो आणि त्याच्या पाठोपाठ त्याचा धनी येतो. आपल्या गडगडाट, सळसळ या शब्दांत आवाज कसा आहे ते कळतं. कोल मात्र आवाज कोणाचा आहे ते सांगतो. सोसायटीत खाली स्कूटर थांबली, की वर भाजी चिरणारी बाई न बघता म्हणते, “बाबा आले.” आवाज जाड होता की बारीक, हे तिला विचारून उपयोग नाही; तिने माणूस ऐकलेला असतो. कोल ऐकायचा तो असा.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात याचा झकास नमुना आहे. शौल राजाला हुकूम होता, की शत्रूची गुरंमेंढरंसुद्धा शिल्लक ठेवायची नाहीत. त्याने चांगली चांगली राखून ठेवली आणि वर शमुवेल संदेष्ट्याला सांगितलं, की हुकूम बजावला. शमुवेलाने एवढंच विचारलं, की मग माझ्या कानी येतोय तो मेंढरांचा कोल कसला? पुरावा म्हणून तेवढा पुरला.

उत्पत्तीच्या २७व्या अध्यायात इसहाक म्हातारपणी आंधळा झाला आहे. धाकटा याकोब हातांना करडांची कातडी गुंडाळून थोरल्या, केसाळ एसावाच्या नावाने आशीर्वाद घ्यायला येतो. म्हातारा चाचपून म्हणतो, कोल याकोबाचा आहे, पण हात एसावाचे आहेत. त्याने विश्वास ठेवला हातांवर, आणि फसला.

‘शमा बेकोल’ हा वाक्प्रचारही इथलाच. शब्दशः ‘अमक्याच्या कोलाला ऐकणं’, म्हणजे त्याचं म्हणणं मानणं. “पोरगं माझं ऐकत नाही” म्हणताना आपल्याला पोराच्या कानांची काळजी नसते; तसंच हे. ‘शमा’ या क्रियापदाचं कोकणाशी जुनं नातं आहे. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. बोली मराठी झाली, हिब्रू जवळपास विसरली गेली. तरी ‘शेमा इस्राएल’, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’, ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. ती जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक विधीत म्हटली जायची.

खड्ड्यात फुंकलेलं शिंग

धन्याला इतकं महत्त्व कशासाठी, हे बघायचं तर शोफरापाशी थांबावं लागेल. शोफर म्हणजे बहुधा मेंढ्याचं पोकळ शिंग. ज्यू नववर्षाला, रोश हशानाला, ते फुंकतात. कोकणातले बेने इस्राएल या दिवसाला ‘नव्याचा सण’ म्हणत. फुंकण्याआधीच्या आशीर्वचनात हुकूम फुंकण्याचा नाही, ‘शोफराचा कोल ऐकण्याचा’ आहे. त्यामुळे कोण फुंकतंय याइतकाच प्रश्न महत्त्वाचा, की तुमच्या कानी काय आलं.

इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या ग्रंथात एक विचित्र वाटणारा नियम आहे. कोणी खड्ड्यात, टाक्यात किंवा रांजणात शोफर फुंकला तर? ऐकणाऱ्याला शोफराचा कोल ऐकू आला असेल, तर त्याचं कर्तव्य झालं. पण त्याने घुमलेला, प्रतिध्वनीचा कोल ऐकला असेल, तर झालं नाही. मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ तो तालमूद; त्यातल्या पंडितांनी याचा आणखी कीस काढला. खड्ड्यात उतरून उभे आहेत त्यांना मूळ आवाज मिळतो, त्यांचं भागलं. काठावर उभे आहेत त्यांनी आपण काय ऐकलं ते तपासावं. शिंग तेच, फुंकणाराही तोच. पण वर येईपर्यंत आवाजाचा धनी बदललेला असू शकतो.

दुसरी भानगड खुद्द आवाजाचीच होती. तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, या दिवसाला ‘तेरुआ’चा दिवस म्हटलं आहे, पण तेरुआ नेमकी वाजते कशी, याविषयी पुढच्या पिढ्यांत एकमत उरलं नाही. जुन्या अरामी भाषांतरात तिथे रडण्याचा शब्द होता. मग ते रडणं उसासे टाकत केलेलं की हुंदके देत केलेलं? उसासे म्हणणाऱ्यांचे तीन मध्यम सूर, ‘शेवारीम’. हुंदके म्हणणाऱ्यांचे नऊ तुटक सूर. अखेर कैसरियाच्या रब्बी (ज्यू धर्मपंडित) अबाहू यांनी दोन्ही प्रकार वाजवायची रीत घालून दिली, म्हणजे कोणाचंही चुकायला नको. म्हणून आजही दोन सरळ लांब ‘तेकियां’च्या मधोमध उसासेही येतात आणि हुंदकेही.

खड्ड्याचा नियम आज कोण पाळतं?

कित्येकजण पाळतात, आणि त्यावर वादही घालतात, कारण खड्ड्याच्या जागी लाउडस्पीकर आला. मायक्रोफोन आवाजाची वीज करतो आणि दुसऱ्या टोकाला त्या विजेने एक पडदा थरथरतो. तुमच्या कानाशी येणारी हवेची लाट त्या पडद्याने निर्माण केलेली असते. मग हा कोल शिंगाचा की पडद्याचा? विसाव्या शतकात जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मान ऑवरबाख यांनी विजेची यंत्रं नीट समजून घेतली आणि मत दिलं, की हा मूळ आवाज नव्हे. टेलिफोनवर किंवा लाउडस्पीकरवर शोफर ऐकून कर्तव्य पार पडत नाही. काही रब्बी सवलत द्यायला तयार होते, पण सनातनी मंडळींत बहुतेकांचा कल ऑवरबाखांच्याच बाजूला राहिला.

२०२० साली हा प्रश्न ऐरणीवर आला. रोश हशाना १९ सप्टेंबरला होता आणि आदल्या दिवशी, १८ तारखेला, इस्राएलमध्ये कोविडची दुसरी टाळेबंदी सुरू झाली. एरवी लोक सभा-बैठका व्हिडिओ कॉलवर भागवत होते. शोफर तसा भागवता येईना. सण दोन दिवसांचा. पहिला दिवस शब्बाथचा, शनिवारच्या विश्रांतीचा, त्या दिवशी शोफर वाजवत नाहीत, म्हणजे सगळी भिस्त दुसऱ्या दिवसावर. त्या रविवारी लोक शिंग घेऊन रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, अंगणांत उभे राहिले आणि शेजारपाजारच्यांनी गॅलऱ्यांतून, खिडक्यांतून ऐकलं. यालाही मिश्नाचा आधार आहे: सभास्थानाच्या मागून जाणाऱ्याच्या किंवा शेजारच्या घरात बसलेल्याच्या कानी शोफर पडला आणि त्याने मन लावून ऐकला, तर तो धरला जातो. भिंत चालते, यंत्र चालत नाही. ऐकायला हे हटवादी वाटतं, पण ‘कोल’ हा शब्द कळला की त्यामागचा हिशेब दिसतो.

आणि धनी सापडलाच नाही तर?

तिथेच भाषांतरकारांची तारांबळ उडते. सगळ्यांत प्रसिद्ध जागा राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. एलीया संदेष्टा जीव वाचवायला पळालेला, होरेब डोंगरावर गुहेत. बाहेर खडक फोडणारा वारा येतो. त्यात देव नाही. भूकंप येतो; त्यातही नाही. अग्नी येतो; त्यातही नाही. मग येतो ‘कोल दमामा दका’. ‘दमामा’ म्हणजे निःशब्दता, ‘दका’ म्हणजे बारीक, कुटून दळून मऊ केल्यासारखी. म्हणजे कोलाचा धनी इथे आहे, पण तो आहे शांतता! शांततेचा आवाज कसा लिहायचा, म्हणून भाषांतरांत मंद वाणी, हलकी कुजबुज अशा पायवाटा काढलेल्या दिसतात. माझ्या मते या पायवाटा मूळ चमत्कार बोथट करतात. ‘बारीक शांततेचा आवाज’ असं सरळ म्हणायला मराठीची काही हरकत नसावी. आपण आवाजालाही बारीक म्हणतो आणि रव्यालाही.

दुसरी अडचण व्याकरणाची. काइनाने हाबेलाला मारल्यावर देव म्हणतो, ‘कोल तुझ्या भावाचं रक्त जमिनीतून मला हाक मारतं आहे.’ इथे हाक मारणारं क्रियापद अनेकवचनी आहे. हिब्रूतला रक्ताचा शब्दही इथे अनेकवचनी, पण कोल एकवचनी. म्हणजे ओरडतंय रक्त. मग पुढे उभा असलेला कोल काय करतोय? बऱ्याच व्याकरणकारांचं म्हणणं, तो तिथे ‘ऐक!’ असा उद्गार आहे. गीतरत्नातल्या ‘कोल दोदी’चंही तसंच: ‘माझ्या सख्याचा आवाज’ यापेक्षा ‘ऐका, माझा सखा आला!’

बत कोल, म्हणजे आपली आकाशवाणी

‘बत’ म्हणजे मुलगी. ‘बत कोल’ म्हणजे आवाजाची लेक, मूळ आवाजातून निघालेला धाकटा आवाज. साध्या हिब्रूत त्याचा अर्थ प्रतिध्वनी असाही होतो. पण रब्बींच्या ग्रंथांत बत कोल म्हणजे स्वर्गातून आलेली वाणी. हग्गय, जखऱ्या आणि मलाखी हे शेवटचे संदेष्टे गेल्यावर देवाचा संदेश थेट येईनासा झाला आणि बत कोलावर भागवावं लागलं, असं ते सांगतात. आपल्याला हे समजायला कंसाला ऐकू आलेली आकाशवाणी पुरे. म्हैसूरच्या प्राध्यापक गोपालस्वामींनी १९३५मध्ये हा शब्द आपल्या रेडिओ केंद्राला दिला. इस्राएलचा सरकारी रेडिओ १९४८मध्ये ‘कोल इस्राएल’ या नावाने सुरू झाला.

बत कोलाचा घरगुती प्रकारही होता. तालमूद म्हणतं, मनात प्रश्न असताना अवचित कोणाचा तरी आवाज कानी पडला, गावात पुरुषाचा किंवा रानात बाईचा, आणि तो ‘हो हो’ किंवा ‘नको नको’ म्हणाला, तर ते उत्तर धरावं. कोकणात देवाला कौल लावतात तो याच जातीचा. गुरव मूर्तीला भिजवलेले तांदूळ किंवा कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. बहुतेक ठिकाणी उजवीकडची पडली तर होकार.

कोल आणि कौल: नातं खरं की नुसता योगायोग?

नातं खरं आहे, पण चुलत. मराठीतला कौल अरबी ‘क़ौल’वरून, फारसीच्या वाटेने आला. क़ौल म्हणजे बोल, वचन. ‘क़ाल’ म्हणजे तो म्हणाला. कव्वाली याच घराण्यातली. इथिओपियाच्या भाषांत ‘क़ाल’ म्हणजे शब्द, आणि हिब्रूत ‘कोल’. हिब्रू, अरबी, अरामी, इथिओपियातली अम्हारिक या सगळ्या सेमिटिक कुळातल्या बहिणी, म्हणून मूळ एक. मराठीत आल्यावर कौल आधी सरकारदरबारी वचन झाला, म्हणून कौलनामा, मग देवाचा होकार-नकार झाला, मग लोकांचा. १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात सामील व्हायचं की नाही, असं गोव्याला विचारलं, त्याचं मराठी नाव ‘जनमत कौल’.

आवाजसाम्यावर मात्र भुलू नये. छपरावरचं कौल वेगळं आहे. आणि इंग्रजी ‘कॉल’ हिब्रू ‘कोल’वरून आला, असं इंटरनेटवर हौसेने सांगितलं जातं, त्यात तथ्य नाही, तो उत्तर युरोपातल्या भाषांतून आला आहे.

स्वर्गाचं एक मत, खाली बहुमत

हिब्रू कोलाचं मत झालं ते वेगळ्या वाटेने. जर्मनमध्ये ‘श्टिमं’ आणि रशियनमध्ये ‘गोलस’ या शब्दांचे आवाज आणि मत असे दोन्ही अर्थ होतात. आधुनिक हिब्रू घडवणारे बहुतेकजण याच भाषांच्या मुलखातून आले होते. तो साचा त्यांनी कोलावर बसवला. मत देण्याच्या क्रियेला मात्र ‘लेहत्स्बिआ’ म्हणतात, आणि त्याचं मूळ ‘एत्स्बा’, बोट. म्हणजे द्यायचं बोटाने, मोजायचा आवाज.

तरीही आवाज आणि बहुमत यांचा झगडा तालमूदमध्ये आधीच होऊन गेलेला आहे. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवर वाद चालला होता. रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. एलिएझर म्हणाले, माझं खरं असेल तर हे झाड सांगेल; झाड उपटून दूर गेलं. पाणी सांगेल, पाणी उलटं वाहिलं. भिंती सांगतील; भिंती कलल्या. शेवटी बत कोल आला, की एलिएझरच बरोबर आहेत. तेव्हा रब्बी यहोशवा उभे राहिले आणि म्हणाले, ‘ती स्वर्गात नाही.’ तोरा खाली दिली गेली आहे, निर्णय बहुमताने होईल. आणि देव हसला, म्हणे, माझ्या लेकरांनी मला हरवलं.

खालच्या कोलोतचा हिशेब किती कडक, ते १ नोव्हेंबर २०२२ला मेरेत्स पक्षाने अनुभवलं. क्नेसेटच्या, म्हणजे इस्राएलच्या संसदेच्या, १२० जागांत वाटा मिळवायला किमान ३.२५ टक्के मतं लागतात. मेरेत्सला ३.१६ टक्के मिळाली. सुमारे चार हजार कोलोत कमी पडले आणि जवळजवळ दीड लाख मतदारांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

रोजच्या बोलण्यात

आज बोलताना कोल मुख्यतः माणसाच्या गळ्याचा. संगीतातल्या सुराला ‘त्स्लील’ आणि गोंगाटाला ‘रआश’. एलीयाच्या गोष्टीतल्या भूकंपालाही हाच रआश होता. मोठ्याने वाचायचं ते ‘बेकोल राम’, एकमताने ठरवायचं ते ‘बेकोल एखाद’. ध्वनिवर्धक ‘रामकोल’, व्हॉइसमेल ‘ता कोली’. मूकपटांच्या काळात सिनेमाला ‘रेइनोआ’ म्हणायचे, दृश्य आणि हालचाल. पडदा बोलायला लागल्यावर ‘कोलनोआ’, आवाज आणि हालचाल. आपण ‘बोलपट’ केला आणि पुढे सोडूनही दिला. त्यांचा कोलनोआ अजून रोजच्या वापरात आहे.

यशयाच्या ४०व्या अध्यायात ‘कोल कोरे’ आहे, हाक मारणारा आवाज. ग्रीकमध्ये जाताना वाक्य ‘अरण्यात ओरडणाऱ्याची वाणी’ असं तुटलं. हिब्रू पठणाच्या खुणांप्रमाणे ‘अरण्यात’ हा शब्द हाकेच्या मजकुरातला आहे, ‘अरण्यात परमेश्वराचा मार्ग तयार करा.’ हा कोल कोणाचा, ते यशया सांगत नाही. आजच्या इस्राएलमध्ये ‘कोल कोरे’ हे सरकारी खात्यांच्या जाहिरातींचं शीर्षक असतं. संस्थांनी, कलाकारांनी अनुदानासाठी अर्ज करावेत, म्हणून काढलेल्या. तिथे धनी स्पष्ट छापलेला असतो, आणि अर्जाची शेवटची तारीखही.